पगारापलीकडचा हक्क

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका



या पत्रात मी कुणासाठी पगारवाढ मागणार नाही. पगाराच्या जोडीने जे मिळते किंवा मिळत नाही, त्याबद्दल लिहितो आहे. भरपगारी रजा, पीएफ, ईएसआयसीचे कार्ड, ग्रॅच्युइटी, दिवाळीचा बोनस, गणवेश आणि तो धुण्याचा भत्ता, कपडे बदलायला आडोसा. हे सगळे या शहरातल्या थोड्या लोकांना भरभरून मिळते आणि फार मोठ्या संख्येला अजिबात मिळत नाही. महापालिका स्वतः काम देणारी आहे. तिच्या ठेक्यांवर काम करणारी माणसे रोज आमच्या दारातला कचरा उचलतात. म्हणून हे पत्र कामगारमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिले.

मी वसई गावात राहतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. नोकरीत असताना मला काय काय मिळाले ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे अधांतरी राहील. कमी व्याजाचे गृहकर्ज मिळाले, त्यातून वसईत घर झाले. प्रवाससवलतीवर आईवडिलांना काशी दाखवता आली. वडिलांच्या आजारपणात बँकेचे वैद्यकीय साहाय्य होते. सणाला उचल मिळे, ती बिनव्याजी. आता पेन्शन आहे. यातले काहीही बँकेने आपणहून दिलेले नव्हते. संघटनेने वर्षानुवर्षे मागितले, 1966 साली पहिला द्विपक्षीय करार झाला आणि त्यानंतर करारामागून करार करत एकेक कलम पदरात पडत गेले.

त्या करारांतली एक तरतूद मला आजही सर्वांत मोलाची वाटते. शाखेत झाडलोट करणारी बाई दिवसाला दोन-अडीच तासच येत असे. करारात लिहिलेले होते की आठवड्याला सहा ते तेरा तासांचे काम असेल तर शिपायाच्या वेतनश्रेणीच्या एक-तृतीयांश, त्याहून जास्त असेल तर निम्मा, आणखी जास्त असेल तर पाऊण पगार द्यायचा. त्या प्रमाणात वार्षिक वेतनवाढ, पीएफ, बोनस आणि रजा. दोन तास झाडू मारणारी बाईसुद्धा नोकरदार आहे, तिचेही आजारपण, म्हातारपण आणि सणवार असतात, हे एका कागदावर दोन्ही बाजूंनी सही करून मान्य केले होते. पुढे बँकांनीच हे काम बाहेरच्या एजन्सींना द्यायला सुरुवात केली, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण तो कागद खरा होता, आणि त्यावर बायकांची घरे चालली.

आता शहराकडे पाहू. वसई-विरारचा निम्मा इतिहास नोकरीबरोबर मिळणाऱ्या सवलतींनी घडवला आहे, असे मी म्हटले तर आपण हसू नये. ऐंशीच्या दशकापासून नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूरमध्ये ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत घर कुणी घेतले? बँकवाले, आयुर्विमावाले, बेस्टचे वाहक, रेल्वेचे फिटर, शाळांचे शिक्षक, आणि गिरणीतून पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन बाहेर पडलेले कामगार. परळ-लालबागची खोली सोडून इथे दोन खोल्यांचा ब्लॉक घेताना पहिला हप्ता कुठून आला, हे जुन्या सोसायट्यांत चौकशी केली तर कळते. महिन्याचा पगार खाण्यापिण्यात जातो. घर होते ते बहुधा साठलेल्या पीएफवर आणि मालकाकडच्या कर्जावर.

नोकरीनोकरीत फरक असतोच. रेल्वेच्या अराजपत्रित कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला तीन पास आणि चार सवलतीच्या तिकिटांचे संच मिळतात. त्याखेरीज दसऱ्याच्या सुमाराला 78 दिवसांचा उत्पादकता बोनस, जास्तीत जास्त 17,951 रुपये. मुंबई महापालिकेने 2024 च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांना 29,000 रुपये सानुग्रह अनुदान दिले, 2025 मध्ये 31,000. आमच्या पट्ट्यातली कित्येक मुले आखातात गेली. तिथे पगार करमुक्त, राहायला कंपनीची खोली, ठरलेल्या मुदतीने घरी यायचे तिकीट, आणि सोडताना सेवासमाप्तीचा मोबदला. अमिरातीत वर्ष पूर्ण झाले की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे 30 दिवसांचा. अर्नाळा, पाचूबंदर किंवा नायगावच्या बोटीवरचा खलाशी घरी जाताना कालवणापुरती मासळी घेऊन जातो, तीही त्याच्या कामाचीच कमाई. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार भागातल्या गाळ्यांत बारा तास उभे राहून पॅकिंग करणाऱ्या मुलीला काय मिळते? दिवाळीला मिठाईचा डबा. आणि एक दिवस आली नाही तर खाडा.

मालकाने प्रेमाने दिलेला मिठाईचा डबा मी कमी लेखत नाही. पण जे मेहेरबानीने मिळते आणि जे हक्काने मिळते, त्यांतला फरक या भागातल्या माणसांना नव्याने सांगावा लागत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्याबदल्यात वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबायचे, अशा आदिवासी तरुणाला लग्नगडी म्हणत. त्यालाही खायला मिळे, वर्षाला कपडा मिळे, अडीनडीला मालक पैसे देई. देणे होते, पण त्या देण्याने माणूस बांधला जाई. 1976 साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, तरी 1982 मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली तेव्हा वसई तालुक्यात आणि आसपास असे गडी सोडवावे लागले. त्याच्याही आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध झुंज दिली होती. वतन म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेली जमीन आणि हक्काचे बलुते, वरवर पाहता नोकरीची सवलतच. तिच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री कुठल्याही कामाला हाक मारली जाई, आणि ती हाक नाकारता येत नसे. आजही वीटभट्टीवर आणि गाळ्यावर उचल दिली जाते आणि ती फिटेपर्यंत माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. पीएफ याच्या नेमका उलट आहे. मालक बदलला तरी तो कामगाराबरोबर जातो. ईएसआयसीचे कार्ड मुकादमाच्या मर्जीवर चालत नाही. म्हणून मी हक्काच्या सवलतींवर इतका अडून बसलो आहे.

हे हक्क मुंबईत, म्हणजे आमच्या लोकलच्या टोकाला, लढून मिळवलेले आहेत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीकामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागायला सुरुवात केली 1884 साली, आणि गिरणीमालकांनी रविवार मान्य केला 10 जून 1890 रोजी. सहा वर्षे लागली एका रविवारला. 1924 च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या बोनस नाकारला म्हणून. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालकांनी द्यायला सुरुवात केली होती आणि 1923 चा बोनस रोखला होता. तो मेहेरबानीचा आहे की कमावलेला, यावर दोन महिन्यांहून अधिक काळ लाखाहून जास्त माणसे घरी बसली आणि हरून परतली. 1965 साली बोनसचा कायदा झाला तेव्हा कुठे उत्तर मिळाले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपाची ठिणगीसुद्धा आदल्या दिवाळीच्या बोनसवरच पडली होती. त्या संपातली एक मागणी फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. बदली कामगारांना कायम करा, ही. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे, कायम माणूस आला नाही तर आपल्याला काम. त्या बदली कामगारांतले कित्येक जण संपानंतर नालासोपारा-विरारकडे आले. आज त्यांचीच नातवंडे ठेक्यावर आहेत.

आणि ईएसआयसी? दुसरे महायुद्ध चालू असताना प्रा. बी. पी. आडारकरांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल 1944 मध्ये सरकारला दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्यावर उभा राहिलेला कायदा 1948 सालचा.

आयुक्तसाहेब, आकडे थोडे सोसा. कामगाराचा पगार महिना 18,000 रुपये धरा. ईएसआयसीला मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 585 रुपये आणि कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये जातात. या 720 रुपयांत त्याला आणि त्याच्या कुटुंबाला दवाखाना आणि रुग्णालय मिळते. अंशदानाच्या सहा महिन्यांत 78 दिवसांचे अंशदान भरलेले असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते. बाईला बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा. कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला निवृत्तिवेतनासारखी नियमित रक्कम. पीएफचे 15,000 च्या मर्यादेवर कामगाराचे 1,800 आणि मालकाचे 1,800. पीएफ चालू असतानाच कामगार गेला तर वारसाला सात लाखांपर्यंत विमा, त्यासाठी कामगाराच्या खिशातून एक पैसाही जात नाही. दहा वर्षांनी ग्रॅच्युइटी 1,03,846 रुपये. कागदावर हे सगळे ठेका कामगारालाही लागू आहे.

मी निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या लोकांचे पीएफचे अर्ज भरून देतो. त्यात गाळ्यांतले कामगार असतात, सोसायट्यांचे वॉचमन असतात, वेगवेगळ्या ठेकेदारांकडे झाडू मारणारे असतात. बहुतेकांच्या बाबतीत एकच गोष्ट दिसते. माणूस त्याच रस्त्यावर, त्याच मुकादमाखाली, त्याच वेळेला काम करतो आहे, पण कागदावर त्याची नोकरी दर दोन-तीन वर्षांनी संपते आणि पुन्हा सुरू होते. निविदा बदलते, ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार नवा यूएएन, म्हणजे पीएफचा नवा क्रमांक, काढतो, जुन्या खात्यातले पैसे जुन्या नावाच्या स्पेलिंगमध्ये अडकून बसतात. साठलेली रजा शून्यावर येते. ग्रॅच्युइटीसाठी एका मालकाकडे सलग पाच वर्षे लागतात, ती पाच वर्षे कधी भरतच नाहीत. एका बाईने मला हातातली पावती दाखवून विचारले होते, ‘सर, मी अकरा वर्षं झाडते, मग ह्यात दोनच वर्षं कशी?’ मला तिला उत्तर देता आले नाही. ते उत्तर आपल्यासारख्या अधिकाऱ्यांच्या हातात आहे, कारण निविदेच्या अटी कार्यालयात लिहिल्या जातात.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले आहे. गोदीत आणि बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्या माथाडींना ठरलेला मालक नव्हता. आज एका व्यापाऱ्याचा माल, उद्या दुसऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा झाला आणि नोंदणी व्यापाऱ्याकडे न राहता मंडळाकडे आली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो, त्यातून पीएफ, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी, औषधोपचार दिले जातात. मालक शंभर बदलले तरी कामगाराची सेवा अखंड राहते. 1981 साली हेच सुरक्षारक्षकांसाठी केले, आणि बृहन्मुंबईबरोबर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचे, म्हणजे आपल्याही वसईचे मंडळ झाले. यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. सफाई, बाग, पाणीपुरवठा आणि परिवहनाच्या ठेका कामगारांची नोंदवही महापालिकेने स्वतःकडे ठेवावी. प्रत्येकाला महापालिकेचा एक क्रमांक द्यावा, तो ठेकेदार बदलला तरी बदलू नये. नव्या निविदेत अट घालावी की जुन्या ठेक्यावरची माणसे, त्यांची साठलेली रजा आणि सेवेचा काळ धरून, नवा ठेकेदार घेईल. ग्रॅच्युइटीसाठी दरमहा ठेकेदाराच्या बिलातून रक्कम कापून वेगळ्या खात्यात ठेवावी. हे पैसे ठेकेदाराचे नाहीत, कामगाराचे आहेत, आणि दर ठरवताना ते महापालिकेने धरलेलेच असतात.

पीएफ आणि ईएसआयसी भरल्याची नावानिशी चलने आल्याशिवाय बिल काढू नये, अशी अट सरकारी निविदांत बऱ्याचदा असतेच. अडचण ती चलने कामगाराला कधीच दिसत नाहीत, ही आहे. मग ती प्रभाग समितीच्या हजेरीच्या जागी, मराठीत, दर महिन्याला लावायला काय हरकत आहे? बँकेत असताना माझ्या पगारपत्रकावर प्रत्येक कपात छापलेली असे. कामगाराला आपले पैसे कुठे गेले हे वाचता आले की निम्मी लबाडी आपोआप थांबते, हा माझा अनुभव आहे.

बायकांविषयी वेगळे लिहितो. पहाटे झाडायला येणारी बाई घरून निघते तेव्हा अंधार असतो. तिला कपडे बदलायला, हातपाय धुवायला, पाणी प्यायला, लघवीला जायला जागा हवी. हातमोजे, गमबूट आणि रेनकोट हे सवलतीत धरायचेच नाहीत, ती कामाची हत्यारे आहेत. तान्हे मूल असेल तर पाळणाघर. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती आणि आज ती त्याहून कितीतरी वाढलेली आहे. एवढ्या शहराने प्रत्येक हजेरी शेडला एक स्वच्छ मोरी आणि एक बंद खोली दिली तर तिजोरीला खड्डा पडणार नाही.

आता आक्षेप. ठेका कामगार आमचे नव्हेतच, ते ठेकेदाराचे, असे अनेक कार्यालयांतून ऐकवले जाते. कायदा असे म्हणत नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मजुरी बुडाली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली, ईएसआयसी आणि पीएफच्या कायद्यांनीही अंशदानासाठी मूळ मालकालाच गाठले. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत नियुक्तिपत्र बंधनकारक आहे, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, चाळिशी ओलांडलेल्यांची वार्षिक मोफत आरोग्यतपासणी आहे. न्यायालयात गेल्यावर काय होते तेही शेजारीच घडले. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये कायम ठेवला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. निवाडा येण्याआधीच काही कामगार वारले. आपल्या शहरात इतकी वर्षे कुणाला थांबायला लावू नका.

पैशाचा आक्षेप मला समजतो. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. कामगाराचा पाय मोडला आणि ईएसआयसी नसेल तर तो खर्च सावकाराच्या पैशांतून होतो, मुलीची शाळा सुटते, आणि शेवटी उपचाराचा भार महापालिकेच्याच रुग्णालयावर येतो. 9 एप्रिल 2024 रोजी, ऐन गुढीपाडव्याला, विरार पश्चिमेत एका वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. ते काम खासगी होते, महापालिकेचे नव्हते. तरी ते या शहराचे कामगार होते. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्येच सांगितले आहे. भरपाई मेल्यावर मिळते. ऑक्सिजनचा मुखवटा, दोर, वायू तपासायचे यंत्र आणि ‘मी आत उतरणार नाही’ म्हणायचा अधिकार जिवंतपणी लागतो. आपल्या हद्दीत कुठल्याही खासगी वसाहतीची टाकी साफ करायची असेल तर आधी महापालिकेला कळवणे आणि कामगारांचा विमा दाखवणे सक्तीचे करता येईल.

कायम सफाई कामगारांना लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते. त्या सवलतीबद्दल नाके मुरडणारे मी ऐकले आहेत. मला ती काढून घ्यावी असे मुळीच वाटत नाही. ठरावीक जातींच्या माथी पिढ्यान् पिढ्या मारलेल्या कामाची ती अपुरी भरपाई आहे. पण त्याच जातींतली, त्याच वस्तीतली, शेजारच्या खोलीतली बाई ठेक्यावर असेल तर तिच्या मुलाला वारसाहक्काने काय मिळते? तोच झाडू, आणि तोही नव्या ठेकेदाराकडे पहिल्या दिवसापासून.

माझी विनंती मोठी नाही. सफाईच्या ठेक्याची पुढची निविदा निघण्यापूर्वी तिचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा, कामगारांच्या संघटनांना आणि नागरिकांना त्यावर बोलायला पंधरा दिवस द्यावेत, आणि सेवेचे सातत्य, साठलेली रजा, ग्रॅच्युइटीचे वेगळे खाते आणि दरमहा लावायची चलने या चार अटी त्यात घालाव्यात. महापालिकेने हे केले तर वालीव-सातिवलीच्या कारखानदारांनाही आम्ही त्याच अटींचा कागद घेऊन भेटू शकू. मसुदा वाचायला, हिशेब तपासायला आणि कामगारांचे अर्ज भरून द्यायला आम्ही काही निवृत्त बँक कर्मचारी विनामोबदला येऊ. कोणत्या प्रभाग समितीपासून सुरुवात करायची ते आपण सांगावे.

आपला,
वसई गावातील एक निवृत्त बँक कर्मचारी